डॉक्टरांच्या जिवाचा घोर

दवाखान्याची पायरी चढताना आपल्या मनात काय असते, हे कोणी कोणाला सांगायला नको. घरातले माणूस आजारी असते, जवळचे पैसे पुरतील की नाही याचा हिशेब डोक्यात चाललेला असतो, आणि तपासणीत काय निघेल या विचाराने पाय जड झालेले असतात. अशा वेळी समोर पांढरा कोट दिसला की आपल्याला हायसे वाटते. आपली सगळी काळजी त्या कोटाच्या स्वाधीन करून आपण बाहेरच्या बाकावर टेकतो. पण ज्याने ती काळजी स्वीकारली त्याच्या मनाचे पुढे काय होते, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. आज त्याच प्रश्नाविषयी चार शब्द बोलायचे आहेत. रुग्णालयातल्या निरनिराळ्या विभागांत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या मनात कोणकोणती धास्ती असते, ती कशाने वाढते, आणि तिची किंमत शेवटी कोण मोजतो, हा आजचा विषय.

तुमच्यापैकी एखादा म्हणेल, "आम्हांला काय करायचंय डॉक्टरांच्या काळजीशी? आमच्या काळज्या थोड्या आहेत का?" असे म्हणण्यात त्याची चूक नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. बैलजोडी बुजली तर नांगराचा तास वाकडा जातो. नुकसान शेताचे होते. तसेच इथेही आहे. डॉक्टरच्या मनात बसलेल्या धास्तीची झळ प्रथम त्याला लागते हे खरे, पण पुढे ती खाटेवरच्या रोग्यापर्यंत पोचते. मी काही वैद्य नव्हे. महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवणारा एक अध्यापक आहे. त्यामुळे औषधांविषयी मी बोलणार नाही. मनाविषयी बोलेन.

प्रथम भीती आणि चिंता यांत काय फरक आहे तो पाहू. वाटेत साप आडवा गेला तर वाटते ती भीती. तिला कारण समोर दिसते आणि साप निघून गेला की तीही निघून जाते. उद्या गवतात हात घातला आणि साप निघाला तर, असे जे रात्रभर मनात घोळत राहते ती चिंता. तिचे कारण समोर नसते म्हणून तिला अंतही नसतो. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, झोप उडते, आणि मन एकाच जागी घाण्याच्या बैलासारखे फिरत राहते.

पण सगळीच चिंता वाईट असे मात्र समजू नका. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केले. योग्य दार ओळखायला शिकवताना चुकणाऱ्या उंदराला विजेचा लहानसा धक्का ते देत. काम सोपे असेल तर धक्का जोराचा झाला तरी उंदीर लवकर शिकत. काम अवघड असेल तेव्हा मात्र मध्यम धक्क्याने ते शिकत आणि जोराच्या धक्क्याने गोंधळून जात. माणसाचेही बरेचसे असेच आहे. परीक्षेची थोडी धाकधूक असली तर मुलगा अभ्यास करतो. ती फार झाली तर येत असलेले उत्तरही विसरतो. शिक्षक मंडळींना हे मी सांगायला नको. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभ्या असलेल्या डॉक्टरला थोडी काळजी हवीच. ती असते म्हणूनच पोट शिवून टाकण्याआधी कापसाच्या घड्या दोनदा मोजल्या जातात. ज्याला कसलीच काळजी वाटत नाही अशा शल्यविशारदाकडे मी माझ्या माणसाला नेणार नाही. अडचण येते ती काळजी प्रमाणाबाहेर गेली म्हणजे.

आता आपण एक फेरी मारू. जिल्ह्याच्या ठिकाणचे एखादे मोठे रुग्णालय डोळ्यांपुढे आणा. दाराशीच अपघात विभाग लागतो. इथल्या डॉक्टरला पुढच्या घटकेला दारातून काय येणार हे ठाऊक नसते. ट्रॅक्टर उलटून चेंगरलेला गडी येईल, फवारणीचे औषध पोटात गेलेली बाई येईल, किंवा नुसते करपट ढेकर येतात म्हणून तक्रार करणारे आजोबा येतील. एका वेळी चारजण आले तर प्रथम कोणाकडे धावायचे हे त्याला क्षणात ठरवावे लागते, आणि तेही भोवती पंचवीस नातेवाईक ओरडत असताना. "आमचा माणूस आधी बघा" असे जो तो म्हणतो. जो मोठ्याने ओरडतो तो बहुधा फार अत्यवस्थ नसतो आणि जो गप्प पडलेला असतो तोच हातचा जाण्याची शक्यता असते, हे त्या डॉक्टरला माहीत असते. भोवतालच्या गर्दीला ते माहीत नसते. निवड चुकेल की काय, ही या विभागाची धास्ती.

तिथून मेडिसिनच्या वॉर्डात चला. इथे हातात सुरी नाही, पण संशय फार. छातीत जळजळते म्हणून आलेल्या माणसाला पित्त झाले आहे की हृदयविकाराचा झटका येत आहे, हे ओळखायचे असते. हृदयाचा पहिला आलेख कधी कधी अगदी सरळ निघतो आणि झटका तरीही असतो. घरी पाठवावे तर जिवाला धोका. ठेवून घ्यावे तर खाट नाही. पाठवलेला माणूस घरी नीट पोचला असेल ना, हा विचार मग त्या डॉक्टरच्या ताटाशी येऊन बसतो.

शस्त्रक्रिया विभागातली काळजी निराळी. इथे जे होते ते आपल्या हाताने होते. आतड्याचा सडलेला भाग काढून दोन टोके शिवली, तर काम तिथे संपत नाही. तो जोड धरतो की सुटतो हे कळायला पाच-सात दिवस जावे लागतात. रोग्याला वारा सरला का, ताप चढला का, पोट फुगले का, हे शल्यविशारद रोज विचारतो. "गॅस पास झाला का?" हा प्रश्न ऐकून आपल्याकडच्या बायाबापड्या तोंडाला पदर लावून हसतात. पण "हो" हे उत्तर ऐकल्यावर त्या डॉक्टरच्या छातीवरचे किती ओझे उतरते, ते त्यांना कुठून कळणार!

त्याच खोलीत रोग्याच्या उशाशी आणखी एकजण बसलेला असतो. तो भूल देणारा डॉक्टर. रोग्याला त्याचे नावही बहुधा ठाऊक नसते. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बॉस्टन शहरात ईथरची भूल देऊन लोकांसमोर शस्त्रक्रिया करण्यात आली, तेव्हापासून माणसाला वेदनेविना कापता येऊ लागले. पण भूल देणे म्हणजे दुसऱ्याचा श्वास काही काळ आपल्या ताब्यात घेणे. प्राणवायू मिळाला नाही तर मेंदू चार-पाच मिनिटांत कायमचा जायबंदी होऊ लागतो. माझा एक जुना विद्यार्थी आज भूलतज्ज्ञ आहे. तो म्हणाला, "सर, आमच्या यंत्राचा टिक-टिक आवाज असतो ना, प्राणवायू कमी झाला की त्याचा सूर खाली उतरतो. घरी झोपेतसुद्धा कानाला तो सूर ऐकू येतो नि मी उठून बसतो." तासभर काहीच घडत नाही आणि एका मिनिटात सगळे घडते, अशी ही नोकरी.

प्रसूतीच्या खोलीत एका वेळी दोन जीव असतात, आणि दोन्ही घरी सुखरूप जाणार असे सर्वांनी गृहीतच धरलेले असते. बारशाची तयारी सुरू झालेली असते. पण दिवस भरलेल्या स्त्रीच्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटरच्या आसपास रक्त वाहत असते. बाळ जन्मल्यावर ते गर्भाशय आवळले नाही तर किती थोडा वेळ हाताशी उरतो, याचा हिशेब तुम्हीच करा. पलीकडे बालरोग विभागात निराळीच पंचाईत. मूल आपले दुखणे सांगू शकत नाही, आणि औषध वजनावर मोजून द्यावे लागते. दोन किलोच्या बाळाला द्यायच्या औषधात दशांशचिन्ह एक घर सरकले तर मात्रा दहापट होते. तिथले डॉक्टर मध्यरात्री तोच गुणाकार तीन-तीनदा करतात तो काही गणित कच्चे म्हणून नव्हे.

क्ष-किरण आणि पॅथॉलॉजी या विभागांत तर रोगी समोरही नसतो. तिथे शांतता असते, पंखा फिरत असतो. इथे कसली आली काळजी, असे वाटते. पण दिवसभरात शेकडो छायाचित्रे पाहताना एखाद्या फुप्फुसाच्या कोपऱ्यातला वाटाण्याएवढा डाग नजरेतून निसटला तर? चूक झाली हे आज कळतच नाही; कळले तर वर्षा-दोन वर्षांनी. ही चिंता वाळवीसारखी असते, आवाज न करता पोखरणारी. मनोविकार विभागातला डॉक्टर माणसाचे मन चाचपतो. बरा वाटतो म्हणून घरी पाठवलेला रोगी रात्री स्वतःच्या जिवाचे काही करून तर घेणार नाही ना, याची खात्री देणारे यंत्र अजून निघालेले नाही. आणि अतिदक्षता विभागात मृत्यू हा नेहमीचाच पाहुणा. तिथल्या डॉक्टरला एकाच दिवशी तीन वेळा बाहेर येऊन तीन घरांना वाईट बातमी सांगावी लागते, आणि चौथ्या खाटेपाशी पुन्हा ताज्या मनाने उभे राहावे लागते.

ही झाली मोठ्या रुग्णालयाची गोष्ट. आता आपल्या ग्रामीण रुग्णालयात या. नुकताच एमबीबीएस झालेला पंचविशीतला मुलगा किंवा मुलगी तिथे शासकीय सेवेचे बंधपत्र पुरे करण्यासाठी आलेली असते. रात्रीचे दोन वाजलेले. सर्पदंशाचा रोगी येतो. विषावरची लस द्यावी तर तिचीच उलटी प्रतिक्रिया उमटून रक्तदाब कोसळण्याचा संभव. न द्यावी तर विष चढते. विचारायला वरिष्ठ नाही, रक्तपेढी साठ मैलांवर, आणि अंगणात निम्मे गाव जमलेले. इतर विभागांतल्या डॉक्टरांच्या वाट्याला एकेक धास्ती येते. या पोराच्या वाट्याला त्या सगळ्या एकत्र येतात, आणि वर एकटेपणाही येतो.

श्रोतेहो, हे धंद्याचे स्वाभाविक ओझे आहे. ते कोणाला टाळता येणार नाही. पण त्यावर माणसांनी आणखी काही ओझी रचली आहेत. ती उतरवता येण्यासारखी आहेत म्हणून त्यांचा विचार करू.

पहिले ओझे झोपेचे. १९९२ साली केंद्र सरकारने निवासी डॉक्टरांसाठी जी योजना लागू केली, तिच्यात सलग काम साधारणपणे बारा तासांहून अधिक नसावे असे म्हटले आहे. प्रत्यक्षात सरकारी रुग्णालयांतले निवासी डॉक्टर चोवीस आणि छत्तीस तास सलग काम करताना आढळतात. चोवीस तास नांगर धरलेल्या गड्याच्या हाती आपण मोटारीचे चाक देऊ का? अमेरिकेतही हेच चालत असे. १९८४ साली न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णालयात अठरा वर्षांची एक मुलगी दाखल झाल्यावर काही तासांतच दगावली. तिला पाहणारे शिकाऊ डॉक्टर अनेक रोग्यांच्या भाराने थकलेले होते, हे चौकशीत पुढे आले. मुलीच्या वडिलांनी हा प्रश्न धसाला लावला. १९८९ साली त्या राज्याने आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली, आणि २००३ साली ती साऱ्या देशात लागू झाली. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कृतिदलाने २०२४ सालच्या अहवालात निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांहून जास्त काम नसावे आणि एक दिवस सुटी असावी अशी शिफारस केली. ७४ तास हीसुद्धा काही थोडीथोडकी मेहनत नव्हे, पण निदान मोजमाप तरी सुरू झाले. त्याच कृतिदलाच्या पाहणीत उत्तरे देणाऱ्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांपैकी शेकडा सुमारे २८ जणांनी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी शेकडा सुमारे १५ जणांनी, आपल्याला मानसिक आजार असल्याचे निदान झाले आहे, असे सांगितले. वर्गातल्या चार हुशार मुलांपैकी एक, असा हा हिशेब आहे.

दुसरे ओझे विचारण्याच्या लाजेचे. "एवढंही येत नाही का?" हा एक प्रश्न वरिष्ठाने चारचौघांत विचारला की कनिष्ठ डॉक्टर पुन्हा म्हणून शंका विचारीत नाही. रात्री वरिष्ठांना उठवायला त्याला संकोच वाटतो. मग तो अंदाजाने वागतो, आणि अंदाजाची किंमत आपण मोजतो.

तिसरे ओझे हाणामारीच्या भीतीचे. २०१७ सालच्या मार्च महिन्यात धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला जमावाने जबर मारहाण केली. त्यानंतर राज्यभरातील निवासी डॉक्टर सामुदायिक रजेवर गेले. त्या दिवसांत बाह्यरुग्ण विभागांच्या दारातून परत कोण गेले? लांबून एसटीने आलेले गोरगरीब रोगीच गेले. महाराष्ट्रात २०१० सालापासून याविषयी स्वतंत्र कायदा आहे. डॉक्टर, परिचारिका किंवा रुग्णालयातील कर्मचारी यांच्यावर हल्ला करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण नुसत्या कायद्याने भीती जात नाही. एकदा मार खाल्लेल्या जागी दिवा लावून काम करणे किती कठीण, याचा विचार करा.

चौथे ओझे कोर्टकचेरीचे. इथे मात्र दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते असा निकाल दिला. तो योग्यच होता. निष्काळजीपणामुळे ज्याचे माणूस गेले त्याला दाद मागायला जागा हवी. २००५ साली त्याच न्यायालयाने असेही सांगितले की, डॉक्टरवर फौजदारी खटला चालवायचा तर निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा असला पाहिजे, आणि त्याआधी दुसऱ्या जाणत्या, निःपक्षपाती डॉक्टरचे मत घेतले पाहिजे. म्हणजे रोगी वाचला नाही एवढ्यावरून डॉक्टर गुन्हेगार ठरत नाही. हा फरक समाजात अजून पुरता रुजलेला नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ही सारी ओझी वाहणारा माणूस काय करतो? तो स्वतःला वाचवू लागतो. ज्याला चार तपासण्या पुरत्या त्याच्या दहा करतो. न जाणो उद्या कोणी विचारले तर कागद हाताशी असावा. त्या सहा तपासण्यांचे पैसे कोणाच्या खिशातून जातात, हे सांगायला नको. गावाकडच्या रुग्णालयात तर याहून घातक गोष्ट घडते. जो रोगी तिथेच बरा झाला असता, त्यालाही चिठ्ठी देऊन "पुढे न्या" म्हणून सांगण्यात येते. आपले गावकरी म्हणतात, "डॉक्टरनं हात वर केले." कधी कधी साधनेच नसतात, तेव्हा पुढे पाठवणे हाच धर्म असतो. पण पुष्कळदा साधने असतात. नसतो तो धीर. रोगी इथे दगावला तर आपले काय होईल, या विचाराने तो पोरगा गांगरलेला असतो. मग अडलेली बाई साठ मैलांच्या खड्ड्यांतून हेलकावे खात जाते, आणि जो तास तिच्या उपयोगी पडायचा तो रस्त्यातच सरतो. अंगणात जमून दटावणाऱ्या गर्दीला वाटते, आपण डॉक्टरला वचकात ठेवले. प्रत्यक्षात त्या वचकाचे दाम आपलीच लेक मोजत असते.

काहीजण दुसऱ्या रीतीने स्वतःला वाचवतात. ते मनाची कवाडे लावून घेतात. इझाबेल मेंझिस या विदुषीने १९६० च्या सुमारास लंडनमधल्या एका शिक्षण-रुग्णालयातील परिचारिकांचा अभ्यास केला. रोग्याला नावाने न ओळखता खाटेच्या क्रमांकाने किंवा आजाराच्या नावाने ओळखणे, एकीने एकाच रोग्याची सगळी सेवा न करता कामाचे तुकडे पाडणे, अशा कितीतरी रीती तिथे पडल्या होत्या. त्यांचा खरा हेतू सेविकांच्या मनाला दुःखाची आच लागू नये हा होता, असे तिने दाखवले. पण त्याने चिंता कमी झाली नाही. उलट कामातला जिव्हाळा गेला आणि चांगल्या विद्यार्थिनी शिक्षण सोडून जाऊ लागल्या. आपल्याकडे "सात नंबरचं लिव्हर" असे कोणी म्हणताना ऐकले तर आपल्याला राग येतो. राग यावाच. पण त्या शब्दांमागे कधी कधी एक घाबरलेले मन दडलेले असते. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी सेवेच्या धंद्यातल्या माणसांच्या अशा करपून जाण्याला इंग्रजीत 'बर्नआउट' हे नाव दिले. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात कामामुळे उद्भवणारी अवस्था म्हणून त्याची नोंद केली. जळून गेलेल्या वातीत कितीही तेल घाला, उजेड पडत नाही.

यावर उपाय आहेत का? आहेत, आणि ते फार खर्चाचेही नाहीत. १९५० नंतर लंडनमध्ये मायकेल बॅलिंट या डॉक्टरांनी गल्लीबोळांत दवाखाने चालवणाऱ्या वैद्यांचे लहान लहान गट जमवले. आठवड्याला एकदा बसायचे आणि जो रोगी आपल्या मनात घर करून बसला आहे त्याच्याविषयी मोकळेपणी बोलायचे. शहाणपण शिकवायचे नाही, दोष काढायचा नाही. असे गट आजही अनेक देशांत चालतात. दुसरा उपाय एका कागदाचा. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी एकोणीस कलमांची एक यादी तयार केली. रोगी तोच आहे ना, बाजू तीच आहे ना, रक्त तयार आहे ना, अशा साध्या गोष्टी मोठ्याने विचारायच्या आणि खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव सांगायचे. दिल्लीसह जगातील आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा दीडवरून शेकडा ०.८ वर आले होते. जी काळजी एकट्याच्या डोक्यात घोळत होती, ती कागदावर आणि सर्वांच्या तोंडी आल्याबरोबर कामाला लागली.

आणखी एक उदाहरण आपल्या मातीतले आहे. डॉक्टर हिंमतराव बावस्कर हे १९७० नंतरच्या दशकात महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करीत होते. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने तरणीताठी माणसे आणि मुले डोळ्यांदेखत दगावत. त्यावर खात्रीचा उपाय कोणापाशी नव्हता. अशा वेळी घाबरून हात वर करणे सोपे होते. त्यांनी रोग्याच्या खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, घाम यांची तासातासाने नोंद ठेवली. १९८२ साली त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट' या इंग्लंडमधील नियतकालिकात प्रसिद्ध झाली, आणि पुढे प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी दाखवून दिला. त्याने असंख्य जीव वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. धास्ती त्यांनाही वाटली असेलच. पण त्यांनी तिला वहीत उतरवले.

रुग्णालयांनी काय करायचे ते झाले: झोपेला वेळ, रात्री हाकेला ओ देणारा वरिष्ठ, आणि चूक झाली तर ती लपवण्याऐवजी तिच्याविषयी बोलण्याची सोय. आता आपण काय करायचे? माणूस दाखल करताना घरातल्या एकाच जाणत्याने डॉक्टरशी बोलावे. बाकीच्यांनी बाहेर थांबावे. जुने कागद, चालू असलेल्या गोळ्या बरोबर न्याव्यात. मांत्रिकाकडे नेले असेल, घरगुती औषध दिले असेल, तर न लाजता सांगावे. आणि तीन गोष्टी विचाराव्यात: "आजार काय वाटतो? पुढच्या दोन दिवसांत काय होऊ शकतं? आम्ही कशावर लक्ष ठेवायचं?" डॉक्टर "आत्ताच सांगता येणार नाही" म्हणाला तर त्याला अडाणी समजू नका. खोट्या खात्रीपेक्षा खरी शंका बरी. समाधान झाले नाही तर वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी तक्रार करा, वैद्यक परिषदेकडे जा, ग्राहक आयोगाकडे जा. तो तुमचा हक्क आहे. हात उगारणे हा हक्क नव्हे. आणि त्याने गेलेले माणूस परतही येत नाही. गावात रुग्णालय असेल तर सरपंचांनी आणि शाळेच्या गुरुजींनी नव्या डॉक्टरला एकदा भेटून यावे. "डॉक्टरसाहेब, रात्री अपरात्री काही अडचण आली तर आम्हांला हाक मारा," एवढे वाक्य पुरते. ज्या पोराला गाव आपल्या पाठीशी आहे असे वाटते, तो रोगी लवकर पुढे ढकलत नाही.

शिक्षकांना मात्र स्वतंत्र विनंती आहे. वैद्यकीय महाविद्यालयात जाणारी मुले तुमच्याच वर्गांतून जातात. गावातला पहिला डॉक्टर होणार म्हणून त्याच्या नावाचा फलक लागतो, सत्कार होतो. मग पहिल्या वर्षी तो कमी पडला किंवा रात्री रडला, तर सांगणार कोणाला? ज्यांनी हार घातले त्यांना? त्याला शाळेतच दोन वाक्ये शिकवा: "मला येत नाही" आणि "मला मदत हवी." वर्गात "येत नाही" म्हणणाऱ्या मुलाला आपण हसू दिले नाही, तर वीस वर्षांनी तोच मध्यरात्री वरिष्ठाला फोन करील आणि एक जीव वाचेल. आणि अशा एखाद्या जुन्या विद्यार्थ्याचे पत्र थांबले, आवाज बदलला, तर तुम्हीच त्याला फोन करा. मनाचा भार असह्य झाला तर बोलण्यासाठी केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा २०२२ सालापासून चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो क्रमांक डॉक्टरांनाही आहे, आणि तुम्हां-आम्हांलाही आहे.

वैद्याला देव मानण्याची आपली जुनी रीत आहे. तिच्यात श्रद्धा आहे, पण एक धोकाही आहे. देवाला झोप लागत नाही, देव चुकत नाही, आणि देव नवसाला पावला नाही की लोक मूर्तीही पाण्यात ठेवतात. डॉक्टर देव नव्हे आणि वैरीही नव्हे. शिकून तयार झालेला, भुकेला, कधी पेंगुळलेला, कधी घाबरलेला असा तो एक माणूस आहे. त्याला माणूस म्हणून वागवले तर तो आपले काम अधिक चांगले करील, आणि त्याचा पहिला लाभ आपल्याच घरातल्या आजारी माणसाला होईल.